पहिल्या पॅडची ओवाळणी

आमच्या घरी पहिला टीव्ही गेम आला त्याला दोन पॅड होते, आणि ते सारखे नव्हते. पहिल्या पॅडच्या मधोमध दोन छोटी बटणं होती. एकाने गेम निवडायचा, दुसऱ्याने सुरू करायचा. दुसऱ्या पॅडवर ती जागा सपाट होती. दुसरा पॅड ज्याच्याकडे, त्याला उडी मारता यायची, गोळी झाडता यायची, मरताही यायचं. पण कुठला गेम खेळायचा, कधी थांबायचं, हे तो ठरवू शकत नसे. पहिल्या पॅडवाल्याला शिंक आली तर तो गेम थांबवून शिंकायचा. दुसऱ्याने शिंकता शिंकता मरायचं.

पंचेचाळिशी ओलांडली तरी मी अजून खेळतो. कचेरीतून आलो, चहा झाला की तासभर. लोकांना हे सांगताना मी उगाच हसतो, म्हणजे त्यांच्याआधी आपणच हसून घेतलेलं बरं. नवे गेम मला आवडतात, जुने आठवतात. पण जुन्या गेमांची आठवण निघाली की दर वेळी मी त्या दोन पॅडांपाशी येऊन अडकतो, आणि मग मला स्वतःबद्दल फारसं चांगलं वाटत नाही.

आम्ही तेव्हा खाडीच्या तोंडावरच्या पूर्णगडला राहायचो. बाबा बोटीवर होते. आठ-नऊ महिने समुद्रात, मग दोन-तीन महिने घरी. एका सुट्टीला ते कुठल्याशा बंदरातून ते यंत्र घेऊन आले. सोबत एक पिवळी कॅसेट, तिच्यावर लिहिलेलं की आत नऊ हजार नऊशे नव्याण्णव गेम आहेत. पहिल्या रात्री मी त्यावर विश्वास ठेवून झोपलो. आठवडाभरात कळलं की गेम आहेत डझनभर, आणि तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या नावांनी येतात. तरी मी बरेच दिवस यादीच्या शेवटपर्यंत जाऊन बघायचो. न जाणो, एखादा खराच नवीन असेल.

खाऱ्या वाऱ्याने कॅसेटच्या पट्टीला गंज धरायचा. पडद्यावर नुसतं राखाडी धुकं दिसलं की कॅसेट काढून तोंडासमोर धरायची आणि जोरात फुंकायची. आई म्हणायची, "न्हाणीतली चूल फुंकायला सांगितली की मेल्याला दम लागतो. आणि ह्याला बघा." पण फुंकल्यावर चित्र यायचं. ते फुंकण्यामुळे यायचं की कॅसेट पुन्हा बसवल्यामुळे, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच पडला नाही.

आमच्यापैकी म्हणजे मी आणि ताई. ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. ती माझ्याहून फार चांगली खेळायची, हे मी तेव्हा कधी कबूल केलं नाही. उड्या मारण्याच्या गेममध्ये मी खड्ड्यात पडायचो तिथे ती न बघता जायची. पण तिचा खरा जीव रणगाड्यांच्या गेमवर होता. दोघांचे दोन रणगाडे, एक पिवळा, एक हिरवा. पडद्याच्या तळाशी मधोमध एक गरुड, त्याच्याभोवती विटांचं कुंपण. वरून शत्रूचे रणगाडे यायचे आणि आपण गरुड सांभाळायचा. आपलीच गोळी चुकून सोबत्याला लागली तर तो मरायचा नाही. जागच्या जागी थिजून थोडा वेळ लुकलुकत राहायचा. आपलीच गोळी गरुडाला लागली तर मात्र खेळ संपला.

त्याच गेममध्ये एक सोय होती. आपला नकाशा आपण बांधायचा. विटा, न फुटणारे पांढरे दगड, पाणी, झाडी, घसरडा बर्फ. हवं ते हवं तिथे ठेवायचं. गरुडाची जागा तेवढी बदलता यायची नाही. तो तळाशी मधोमधच. बाकीचं जग त्याच्याभोवती मांडायचं.

माझे नकाशे म्हणजे गरुडाभोवती पांढऱ्या दगडांचा ढीग. ताईने पहिल्याच दिवशी म्हटलं, "हे आपलं घर," आणि गरुडावर बोट ठेवलं. मग डावीकडे पाण्याची पट्टी वरपासून खालपर्यंत ओढली, ती खाडी. घराच्या वर पांढऱ्या दगडांचा चौकोन, तो गड. विटांच्या अर्ध्या अर्ध्या ओळी म्हणजे कुंपणाचे जांभ्याचे गडगे, झाडी म्हणजे आंब्याची कलमं, आणि बर्फ कुठे वापरायचा यावर विचार करून तिने तो सड्याच्या माळावरच्या कातळाला दिला. "पावसात घसरतंच की तिथे," म्हणाली. नकाशा पुरा झाला तेव्हा मी टीव्हीसमोर उकिडवा बसून त्यात आमची विहीर शोधत होतो. ती होती. पाण्याचा एकच चौकोन, घराच्या उजव्या अंगाला.

शत्रू येत होते आणि आम्ही आमच्याच कलमांखाली लपून आमचं घर राखत होतो. तसा गेम मी नंतर आजवर खेळलेलो नाही. खूप खर्च करून बनवलेले खेळलो, तरी नाही.

यंत्र बंद केलं की नकाशा गेला. तिथे काही जपून ठेवायची सोयच नव्हती. वीज गेली तरी गेला, आणि आमच्याकडे वीज वारा सुटल्याच्या बातमीनेच जायची. पुढच्या रविवारी ताई पुन्हा बसायची आणि तोच नकाशा पुन्हा बांधायची. मी कंटाळून म्हणायचो, "आता पुरे, खेळूया." ती म्हणायची, "विहीर राहिलीय."

नकाशा बांधायचा तर पहिला पॅड लागायचा. आणि पहिला पॅड माझा होता. तो माझा का, हे कुणी ठरवलं नव्हतं. मी मुलगा होतो, एवढंच. ताईला नकाशा बांधायचा असेल तेव्हा ती मागायची आणि मी उपकार केल्यासारखा द्यायचो.

मी सातवीत असताना भाऊबीजेला एक गोष्ट केली. दर वर्षी ओवाळणीचे पैसे आई माझ्या मुठीत द्यायची आणि मी ते ताटात टाकायचो. त्या वर्षी मी आईला ऐटीत सांगितलं, मला नकोत, माझी मी ओवाळणी देणार. पाटावर बसलो. ताईने कुंकू लावलं, सुपारी फिरवली, निरांजन ओवाळलं. मी मागे लपवलेला पहिला पॅड काढून ताटात ठेवला आणि म्हणालो, "वर्षभर तुझा."

आई हसली. ताई हसली नाही. तिने पॅडची वायर निरांजनापासून दूर केली आणि म्हणाली, "वर्षभर? नक्की?"

"नक्की."

त्या हिवाळ्याइतकं आम्ही दोघं नंतर कधी एकत्र बसलो नाही. मी दोन नंबरचा हिरवा रणगाडा झालो आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

मग मे महिना आला आणि मुंबईहून चुलत भाऊ आला. तो माझ्याच वयाचा, पण त्याच्याकडे मुंबई होती. त्याच्या तिथे गल्लीच्या तोंडाशी नाणं टाकून खेळायची मोठी यंत्रं होती म्हणे. दुपारी तो आत आला तेव्हा ताई नकाशा बांधत होती आणि मी शेजारी दुसरा पॅड घेऊन वाट बघत बसलो होतो. त्याने एकदा तिच्या पॅडकडे, एकदा माझ्या पॅडकडे बघितलं. मग म्हणाला, "एक नंबर तिच्याकडे? आणि तू दोन नंबर?"

मी म्हणालो, "छे. तिला जरा धरायला दिलाय."

बस, एवढंच. मी पॅड हिसकावला नाही. तशी वेळच आली नाही. ताईने पॅड खाली ठेवला, त्याची वायर नीट गुंडाळली, आणि आत जाऊन आईबरोबर आंबोशीसाठी कैरीच्या फोडी करायला बसली. चुलत भावाने पॅड उचलला. पडद्यावर आमचं घर अर्धंच झालेलं होतं. त्याने विचारलं, "हे काय आहे?" आणि मी म्हणालो, "काही नाही," आणि यंत्र बंद करून चालू केलं.

तो गेल्यावर पॅड मी तिच्यापुढे ठेवला होता. ती म्हणाली, "नको, बारावीचा अभ्यास आहे." पुढच्या भाऊबीजेला आईने दिलेले पैसे मी ताटात टाकले आणि ताईने ते घेतले. काही वर्षांनी तिचं लग्न झालं. भावोजी कोयना प्रकल्पात नोकरीला, राहायला अलोऱ्याला प्रकल्पाच्या वसाहतीत. ताई तिकडे गेली. ते यंत्र बंद पडलं आणि पोटमाळ्यावर गेलं. बाबा बोटीवरून कायमचे उतरले तेव्हा आम्ही रत्नागिरीत येऊन स्थिरावलो.

मी मात्र खेळत राहिलो. आधी बाजारातल्या सायबर कॅफेत तासावर, मग घरी कॉम्प्युटर, मग मोबाईल, आणि आता टीव्हीखाली ते काळं खोकं, ज्याला माझी बायको सवत म्हणते. काय काय बघितलं मी त्यात! घोड्यावरून दिवस दिवस फिरावं असे डोंगर. पावसात ओली होणारी कौलं. नवे गेम खूप समजूतदार झाले आहेत. तुम्ही मेलात तर दहा पावलं मागे पुन्हा उभं करतात. वाट चुकाल म्हणून रस्त्यावर उजळ रेघ आखून देतात. सगळं आपोआप जपून ठेवतात. वीज जाऊ दे, तुमचं घर तिथेच असतं. मला खोटं सांगायचं नाही: ते बरं वाटतं. जुनं ते सगळं चांगलं, असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. तिसऱ्यांदा त्याच खड्ड्यात पडून पहिल्यापासून सुरुवात करण्यात काही थोरवी नव्हती, आमच्याकडे दुसरा उपाय नव्हता.

नव्या गेमांत एक नकाशा असतो. तुम्ही जिथे गेला नाहीत तो भाग काळा. जसजसं जावं तसतसा तो उजळतो. मला ते काळं सहन होत नाही. मुख्य कथा बाजूला ठेवून मी कोपरान् कोपरा चालून येतो. जिथे काही नाही, कुणी नाही, तिथेही जाऊन येतो. बायको एकदा मागे उभं राहून म्हणाली, "इथे काय आहे?" मी म्हटलं, "काही नाही, पण काळं राहिलं होतं." ती म्हणाली, "वा! गिझरवाल्याकडे जायला सांगितलं तर गुडघे दुखतात."

यंदा दिवाळीच्या आधी बाजारात एका दुकानात ते जुनं यंत्र दिसलं. म्हणजे त्याची नवी नक्कल. तळहाताएवढं, बिनतारी पॅड, कॅसेट नाही, फुंकायला जागा नाही. आत शेकडो गेम, त्यात रणगाडेही. मी घेतलं. घरी येऊन ताईचा नकाशा बांधायला बसलो. खाडी जमली, गड जमला, विहीर जमली. पण वरचा उजवा कोपरा आठवेना. कलमं ठेवून बघितली, गडगे घालून बघितले, कातळ करून बघितला. दर वेळी ते चूक दिसायचं. बरेच दिवस संध्याकाळी मी तेच करत होतो.

आणि मग ठरवलं की यंदाच्या भाऊबीजेला ताटात पहिला पॅड ठेवायचा. तीस वर्षं उशिरा. ती बसेल, नकाशा बांधेल, तो कोपरा भरेल, आणि माझं देणं एकदाचं फिटेल. हे असं मी खरंच मनात ठरवलं होतं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "साडी आणलीय ती दे आधी. मग तुमची खेळणी काढा."

ताई दर वर्षी भाऊबीजेला आमच्याकडे येते. खरं तर भावाने बहिणीकडे जायची रीत. पण आई होती तोवर ताई आईसाठी यायची, आणि आई गेल्यावरही ती येतच राहिली. मी अलोऱ्याला दोन-तीनदा गेलो असेन, तेही कुणाच्या तरी गाडीतून, बारशाला नाहीतर आजारपणात. बाहेरच्या खोलीत बसून, चहा घेऊन परत.

यंदाही ती सकाळच्या गाडीने आली. पिशवीत अळूची पानं आणि चकल्यांचा डबा. मी पाटावर बसलो. ओवाळून झालं. बायकोने दिलेली साडी मी ताटात ठेवली आणि तिच्यावर पॅड ठेवला.

ताईने चष्मा वर केला. "हे काय रे?"

"पहिला पॅड."

तिने तो उचलून हातात तोलला आणि म्हणाली, "धरायलाच ना?"

बायकोला काही कळलं नाही. तिला वाटलं, विनोद आहे. तो विनोदच होता. ताई हसत होती. पण शब्द तेच होते, आणि मी मान खाली घालून निरांजनाकडे बघत राहिलो. मला वाटत होतं की त्या दुपारचं ओझं मी एकट्यानेच वागवतोय.

"नाही ताई," मी म्हणालो. "ह्या वेळी नाही."

"बरं बरं. रडू नकोस लगेच. आधी जेवण करूया."

जेवण झाल्यावर तिला आठवण करायची माझी हिंमत होईना. ती आणि बायको स्वयंपाकघरात सुरमईच्या भावाबद्दल बोलत होत्या. शेवटी ताईच पदराला हात पुसत बाहेर आली. "चल, लाव तुझं ते. माझी चारची गाडी आहे."

पहिल्यांदा तिची बोटं चुकली. "ह्याला वायर नाही तर धरल्यासारखंच वाटत नाही," म्हणाली. दुसरा पॅड उलटसुलट करून बघितला. "आता दोन्हीला सगळी बटणं आहेत होय? मग भांडण कशाचं?"

"बटणं आहेत, पण गेम ऐकतो एक नंबरचंच."

"म्हणजे दिसायला सारखे, एवढंच." तिने मान डोलावली, जणू हे तिला अपेक्षितच होतं, आणि नकाशा उघडला.

मी शेजारी बसलो. ती विटा ठेवायला लागली आणि मी सातवीतल्यासारखा उकिडवा होऊन पडद्याजवळ सरकलो. डावीकडे पाणी. "खाडी," मी म्हणालो. वरच्या बाजूला पांढरे दगड. "गड."

"गड कसला? टाकी आहे ती. पाण्याची."

"आपल्याकडे टाकी कुठे होती?"

"आपल्याकडे कुठे म्हणतेय मी?" तिने विटांची एक सरळ ओळ घातली, जागा सोडून दुसरी, मग तिसरी. पूर्णगडला काही म्हणजे काही सरळ नव्हतं. "ही क्वार्टरं. ही आमची लाईन. आणि खाडी नव्हे ती, नदी."

मी इतके दिवस तीच जुनी जागा उकरत बसलो होतो, आणि ती सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं जिथे राहिली, जिथे तिचा संसार झाला, ते तिने बांधायला घेतलं तर मला त्यातलं एकही ओळखता आलं नाही. मी विचारत गेलो आणि ती सांगत गेली. ही झाडी म्हणजे मैदानाच्या कडेचे गुलमोहर. हा बर्फ म्हणजे उतार, तिथे भावोजी स्कूटरवरून पडले. ही अर्धी वीट म्हणजे मागचा गडगा, त्याच्या आत तिचं अळू. वसाहतीतली बरीच क्वार्टरं आता रिकामी आहेत. त्या जागी तिने एक एक वीट सोडून ठेवली.

"आणि गरुड?"

"आमचं दार." मग म्हणाली, "तुझे भावोजी रिटायर होतायत ना. उन्हाळ्याच्या आत खोली सोडायची. चिपळूणला बघतोय जागा."

हे मला फोनवर सांगितलेलं होतं. मी "अरे वा, आता आराम" असं काहीसं म्हणालो होतो.

नकाशा भरत आला. वरचा उजवा कोपरा तेवढा मोकळा होता. मी म्हटलं, "ताई, हा कोपरा राहिला."

"राहिला नाही. ठेवलाय."

"का?"

"तिथून एसटी येते. आपल्या पूर्णगडच्यातही तो मोकळाच ठेवायचे मी. बाबा तिकडूनच यायचे ना."

म्हणजे तिथे काहीच नव्हतं. बरेच दिवस मी ज्या कोपऱ्यात कलमं आणि गडगे लावून बघत होतो, तो तिने वाट बघण्यासाठी सोडलेला होता.

"आणि इकडे?" मी विचारलं. "इकडे तिथून कोण येतं?"

"येतात कोण कोण," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "तुझा रणगाडा कुठला? हिरवा ना? चल, सांभाळ माझं दार."

आम्ही खेळलो. ती अजून माझ्याहून चांगली खेळते. तीस वर्षं रोज खेळून मी काय मिळवलं ते मला माहीत नाही. मी दोनदा तिलाच गोळी मारली आणि तिचा पिवळा रणगाडा लुकलुकत उभा राहिला. "मेल्या, मी आहे ती!" असं ती दोन्ही वेळा ओरडली, अगदी पहिल्यासारखी. मग एक शत्रू टाकीच्या बाजूने खाली उतरला, मी घाईने वळलो, माझी गोळी त्याला न लागता सरळ विटांतून गेली आणि गरुड फुटला.

"फोडलंस घर," ताई म्हणाली आणि चष्मा काढून डोळे पुसत हसत सुटली.

तिने नकाशा पुन्हा पहिल्यासारखा करून पडद्यावर ठेवला. साडेतीन होत आले होते. मी मोबाईल काढला. "थांब, फोटो काढतो. बंद केलं की जाईल."

"फोटो कशाला? घर आहे अजून उभं. येऊन बघ की."

ती उठली, साडी पिशवीत ठेवली, आणि पॅडही.

"ताई, तो—"

"ओवाळणी आहे माझी. ठेवून जाऊ?"

"अगं, पण यंत्र इथे आहे. त्याशिवाय त्या पॅडचा उपयोग काय?"

"बघ मग काय ते तू," ती म्हणाली आणि चपला घालायला लागली.

तिला स्टँडवर सोडून आलो तरी नकाशा टीव्हीवर तसाच होता. मी बंद केला नाही. बायको दोन दिवस त्याच्यासमोरून केर काढत होती. "बातम्या तरी बघायला मिळतील का ह्या जन्मात?" तिने विचारलं. तिसऱ्या दिवशी वीज गेली. आली तेव्हा पडद्यावर गेमांची यादी होती, आणि माझ्या हातातल्या दोन नंबरच्या पॅडचं ती ऐकत नव्हती. मी स्टार्ट दाबत राहिलो. काही झालं नाही.

तुळशीचं लग्न झाल्यावर एका शनिवारी मी यंत्र, वायर आणि दुसरा पॅड एका पिशवीत भरले, दोन दिवसांचे कपडे घेतले आणि एसटीत बसलो. बायको म्हणाली, "फोन करून जा." मी केला नाही. चिपळूणला गाडी बदलली. अलोऱ्याच्या थांब्यावर उतरलो तेव्हा ऊन कलत होतं आणि मी कुठे उभा आहे ते मला नीट ठाऊक होतं. वरचा उजवा कोपरा.

तिथून पुढे कुणाला विचारायची गरज पडली नाही. गुलमोहर उजव्या हाताला ठेवून मी उताराने खाली आलो, सावकाश, कारण इथे घसरतं. पाण्याची टाकी दिसली. टाकीपाशी डावीकडे. क्वार्टरांची पहिली ओळ, मग दुसरी, बऱ्याचशा दारांना कुलपं, कुंडीतली तुळस वाळलेली. तिसऱ्या ओळीत एका घराच्या मागच्या गडग्यावरून अळूची मोठमोठी पानं बाहेर डोकावत होती. तिच्या नकाशात नव्हत्या अशाही गोष्टी होत्या. ओट्यावर दोन वेताच्या खुर्च्या. खिडकीच्या गजांना बांधलेली पापडांची फडकी. दारावर मुलांनी कधीतरी खडूने काढलेला आणि कुणी न पुसलेला क्रिकेटचा स्टंप.

मी कडी वाजवली. आतून भावोजींचा आवाज आला, "बघ गो, दूधवाला असेल."

ताईने दार उघडलं. तिने माझ्याकडे बघितलं, मग पिशवीकडे, मग माझ्या मागे रस्त्यावर, कुणाची गाडी उभी आहे का ते.

"एसटीने आलो," मी म्हणालो. "राहायला आलोय दोन दिवस."

"वाट सापडली?"

"टाकीवरून डावीकडे."

ती बाजूला झाली. आतल्या खोलीत टीव्हीच्या डोक्यावर, गणपतीच्या फोटोशेजारी, पहिला पॅड ठेवलेला होता. त्याच्यावर धूळ नव्हती.

"चहा टाकते," ताई म्हणाली. "तोवर तू जोडून ठेव. आणि हात लावू नकोस माझ्या पॅडला."